‘यातलं सगळ्यात भारी औषध कोणतं?’

पत्र:

नमस्कार डॉक्टर,
पिंपळगाव बसवंतजवळच्या एका गावातून लिहिते आहे. आमची साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. गेल्या महिन्यात सासूबाईंना (वय ७१) उन्हाळी लागली. गावातल्या डॉक्टरांनी सेफिक्झिमच्या गोळ्या दिल्या. तीन दिवस घेऊनही जळजळ थांबेना, म्हणून नाशिकला दाखवलं. तिथे लघवी कल्चरला पाठवली. रिपोर्टवर ई. कोलाय असं जंतूचं नाव होतं आणि खाली सोळा औषधांची यादी. कुणापुढे एस, कुणापुढे आर. सेफिक्झिमपुढे आर. डॉक्टरांनी नायट्रोफ्युरँटॉइनच्या कॅप्सूल पाच दिवस दिल्या. दोन दिवसांत उतार पडला.
मला काही कळत नाही. सेफिक्झिम महाग, नवीन. ही कॅप्सूल जुनी आणि स्वस्त, मग तिने कसा गुण आला? यादीत मेरोपेनेमपुढे ०.२५ आणि या कॅप्सूलपुढे १६ लिहिलंय. लहान आकडा म्हणजे औषध भारी ना? मग भारी का दिलं नाही? आमचे हे म्हणतात, बागेत आपण प्रत्येक फवारणीला ग्रुप बदलतो, तसंच माणसाचं, दर वेळी वेगळं द्यायचं. घरात सेफिक्झिमच्या चार गोळ्या आणि यांच्या घशाच्या वेळच्या ॲझिथ्रोमायसिनच्या दोन उरल्यात. माझ्या सहा वर्षांच्या मुलाला सर्दी-खोकला झालाय. अर्धी गोळी दिली तर चालेल का?

उत्तर:

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तो आजचा आहे. मुलाला ती अर्धी गोळी देऊ नका. कारण पुढे सांगतेच. पण तो जोरजोरात, भरभर श्वास घेत असेल, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, पाणीही पीत नसेल, गळून गेला असेल, तर हे वाचत बसू नका, लगेच दवाखान्यात न्या. ताप तीन दिवसांवर गेला, कान दुखायला किंवा वाहायला लागला, तरीही दाखवा. नुसतं नाक गळतंय, खोकतोय, पण खेळतोय, खातोय, तर कोमट पाणी, विश्रांती आणि थोडा धीर पुरे.

आता तुमच्या मिस्टरांकडे वळते, कारण त्यांनी जे म्हटलंय त्यात माझं अर्ध्याहून जास्त उत्तर आहे. मी गेली अनेक वर्षं प्रयोगशाळेत कल्चरच्या, म्हणजे नमुन्यातले जिवाणू वाढवून बघायच्या, प्लेटा वाचते. ‘कोणतं भारी?’ हा प्रश्न मला रोज कोणीतरी विचारतं. ‘कोणत्या ग्रुपचं?’ हा मात्र फक्त द्राक्षवाल्यांच्या घरून येतो.

बागेत तुम्ही काय करता? डावणी या बुरशीच्या रोगावर एकच आंतरप्रवाही, म्हणजे झाडात मुरणारं, औषध लागोपाठ मारत नाही. दोनदा-तीनदा तेच मारलं की ते काम देईनासं होतं. तेव्हा दुकानात जाऊन दुसऱ्या कंपनीचा डबा आणला आणि आत घटक तोच किंवा त्याच ग्रुपचा निघाला, तर पैसे पाण्यात, हे तुमच्या घरात लहान पोरालाही माहीत असेल. ग्रुप म्हणजे ते औषध बुरशीच्या नेमक्या कोणत्या जागी घाव घालतं ती जागा. अँटिबायोटिकचे वर्गही असेच पाडलेले आहेत. जिवाणूच्या शरीरात घाव घालण्यासारख्या मोजक्याच जागा आहेत. त्या समजल्या की तुमच्या रिपोर्टवरची सोळा नावं सोळा राहत नाहीत, पाच-सहा कुटुंबं होतात.

पहिली जागा भिंत. जिवाणूला बाहेरून एक टणक जाळीदार भिंत असते आणि आत दाब प्रचंड असतो. अवकाळी पावसात पाणी धरलेला मणी कसा तडकतो ते तुम्ही दर दोन-चार वर्षांनी डोळ्यांत पाणी आणून बघता. पेनिसिलिन जिवाणूचं नेमकं तेच करतं. जिवाणू वाढताना भिंतीत सतत नवे धागे घालतो आणि ते एकमेकांत अडकवतो. ही अडकवण्याची कामं करणारी प्रथिनं असतात, त्यांना पेनिसिलिन जाऊन चिकटतं. टाके पडत नाहीत, साल कच्ची राहते, बाहेरचं पाणी आत शिरतं आणि जिवाणू फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंतच नाही, म्हणून हे औषध आपल्याला सहसा इजा करत नाही. काहींना त्याची ॲलर्जी असते, ती गोष्ट वेगळी. ॲमॉक्सिसिलिन, तुमचं सेफिक्झिम, इंजेक्शनमधलं सेफ्ट्रायाक्झोन आणि ते मेरोपेनेम ही सगळी याच कुटुंबातली. नावं निराळी, रेणूच्या मध्यभागी असलेलं चौकोनी कडं सारखं.

जिवाणूंनी या चौकोनी कड्यावरच तोड काढली. ते कडं कापणारी विकरं (एन्झाइम) ते तयार करतात. सासूबाईंच्या ई. कोलायकडे बहुधा असंच एक विकर होतं. तुमच्या रिपोर्टवर सेफिक्झिमच्या खालीवर बघा, ‘सेफ’ने सुरू होणारी आणखी दोन-तीन नावं असतील आणि बहुतेक त्यांच्यापुढेही आरच असेल. (आर म्हणजे जिवाणू त्या औषधाला दाद देत नाही, एस म्हणजे देतो.) म्हणजे गावातल्या डॉक्टरांनी गोळी थांबवून सेफ्ट्रायाक्झोनचं इंजेक्शन सुरू केलं असतं, तरी ते ‘दुसरं’ औषध ठरलं नसतं. डबा बदलला, ग्रुप तोच. त्या डॉक्टरांना दोष देऊ नका. कल्चरचा निकाल यायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर अंदाजाने एक औषध सुरू करावंच लागतं, आणि अंदाज कधी चुकतो.

भिंतीवरची आणखी दोन औषधं. फॉस्फोमायसिन भिंतीचा कच्चा माल बनण्याच्या पहिल्याच पायरीवर अडवतं. त्याची पुडी पाण्यात घालून एकदाच घ्यायची असते आणि लघवीच्या साध्या संसर्गात ती उपयोगी पडते. दुसरं व्हँकोमायसिन. हे नावाजलेलं, महागडं, अतिदक्षता विभागात वापरलं जाणारं औषध. पण ई. कोलायवर त्याचा काडीचा उपयोग नाही. ई. कोलायसारख्या जिवाणूंना भिंतीबाहेर आणखी एक पापुद्रा असतो आणि व्हँकोमायसिनचा रेणू इतका मोठा आहे की तो त्या पापुद्र्यातून आत शिरूच शकत नाही. हान्स ख्रिस्तियन ग्राम या डॅनिश डॉक्टरने १८८४ साली जिवाणू रंगवायची पद्धत काढली. त्यात जांभळे राहतात ते ग्राम पॉझिटिव्ह आणि गुलाबी दिसतात ते ग्राम निगेटिव्ह. हा बाहेरचा पापुद्रा असतो तो गुलाबींना. आजही कल्चर येण्याआधी आम्ही काचपट्टीवर हाच रंग बघतो आणि औषधांची निम्मी यादी तिथेच गळते. म्हणून ‘भारी’ या शब्दाला माझा आक्षेप आहे. कुणावर भारी, ते आधी ठरायला हवं.

दुसरी जागा रायबोसोम, म्हणजे प्रथिनं विणण्याचा माग. येवल्याला पैठणीच्या मागावर बसलेला विणकर बघितला असेल. समोर नक्षीचा कागद, त्याबरहुकूम एकेक रंगाचा धागा. जिवाणूचा रायबोसोमही तसाच आदेश वाचत एकेक घटक जोडत जातो. डॉक्सिसायक्लिन पुढचा धागा मागापर्यंत पोहोचूच देत नाही. ॲझिथ्रोमायसिन विणलेलं कापड बाहेर पडायची वाट अडवून बसतं. अमिकासिन, जेंटामायसिन आणि जुनं स्ट्रेप्टोमायसिन नक्षी चुकीची वाचायला लावतात. जिवाणू भलतीच प्रथिनं विणतो, ती त्याच्याच आवरणात जाऊन बसतात, आवरण गळू लागतं आणि तो मरतो. आपल्या पेशींमधला माग निराळ्या घडणीचा आहे, म्हणून आपण वाचतो. मात्र आपल्या पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांमधले माग जिवाणूंच्या मागांशी बरेच मिळतेजुळते असतात. मागावरच घाव घालणारं लिनेझोलिड जास्त दिवस घेतलं तर रक्तपेशी कमी होऊ शकतात, त्यामागे हेच आहे. अमिकासिन-जेंटामायसिनचा त्रास कानांना आणि मूत्रपिंडाला होऊ शकतो. म्हणून ही औषधं देताना आम्ही तपासण्या मागतो, तेव्हा त्या टाळू नका.

तिसरी जागा डीएनए. ठिबकच्या नळीचं वेटोळं घाईने उलगडताना नळीला पीळ पडतो ना, तसाच पीळ जिवाणूच्या डीएनएची प्रत काढताना पडतो. तो सोडवायला एक विकर डीएनए कापतं, पीळ मोकळा करतं आणि पुन्हा जोडतं. सिप्रोफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही त्या विकराला कापल्यानंतर आणि जोडण्याआधी पकडून ठेवतात. डीएनए तुकड्यांत राहतो. पोट बिघडलं की दुकानातून सहज आणल्या जाणाऱ्या गोळ्या याच वर्गातल्या असतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. एक तर बरेचसे जुलाब औषधाविना थांबतात, त्यांना मीठ-साखरेचं पाणी लागतं. शिवाय या औषधांनी, विशेषतः वयस्कर माणसांत, टाचेमागची शीर दुखावण्याचा, क्वचित तुटण्याचाही धोका असतो. सासूबाईंच्या वयाला हे लक्षात ठेवा.

बाकीच्या जागा पटकन सांगते. सल्फाची औषधं जिवाणूला फॉलिक आम्ल बनवू देत नाहीत. आपण ते मेथी-पालकातून, डाळींतून आयतं मिळवतो, म्हणून आपलं अडत नाही. क्षयरोगातलं रिफाम्पिसिन डीएनएवरून आदेशाची नक्कल उतरवू देत नाही. लघवी केशरी होते ती याच औषधाने, घाबरायचं कारण नाही. मेट्रोनिडाझोल प्राणवायू नसलेल्या जागी राहणाऱ्या जंतूंच्या आत जाऊनच जहाल बनतं. आणि कोलिस्टिन बाहेरचा पापुद्राच विस्कटून टाकतं. ते इतकं शेवटचं शस्त्र आहे की कोंबड्या-जनावरांच्या खाद्यात ते वापरायला भारत सरकारने २०१९ साली बंदी घातली.

आता तुमची जुनी, स्वस्त कॅप्सूल. मला वाटतं, तुमच्या पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न हाच आहे. त्याचं उत्तर तुमच्या फवारणीच्या पंपातच आहे. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फ्रान्सच्या द्राक्षबागांत १८८५च्या सुमारास आलं. आजही ते तुम्ही मारता आणि आजही ते काम देतं. त्याच्या कितीतरी नंतर आलेली आंतरप्रवाही औषधं मात्र काही हंगामांत बोथट झाली. फरक एवढाच की नवी औषधं एकाच जागी नेमका घाव घालतात आणि बुरशीने ती एक जागा बदलली की संपलं. मोरचुदातलं तांबं एकाच वेळी दहा ठिकाणी बिघाड करतं, दहाही जागा एकदम बदलणं बुरशीला जवळजवळ अशक्य. नायट्रोफ्युरँटॉइन तसंच आहे. जिवाणूच्या आत गेलं की जिवाणूचीच विकरं त्याचं रूपांतर फार जहाल तुकड्यांत करतात आणि ते तुकडे प्रथिनं, रायबोसोम, डीएनए, जे सापडेल ते जाळत सुटतात. म्हणूनच १९५०च्या दशकापासून वापरात असूनही त्याला दाद न देणारे ई. कोलाय आजही त्या मानाने कमी दिसतात.

दुसरं कारण जागेचं. हे औषध रक्तात फार थोडं राहतं, मूत्रपिंडं ते भराभर लघवीत टाकतात. मूत्राशयात त्याची दाटी होते, बाकी शरीरात जवळजवळ काहीच नाही. म्हणूनच आतड्यातल्या आपल्या उपयोगी जिवाणूंना त्याचा फारसा त्रास नाही. पण म्हणूनच, सासूबाईंना कधी थंडी वाजून ताप आला, कमरेच्या वर पाठीत एका बाजूला दुखलं, उलट्या झाल्या किंवा त्या असंबद्ध बोलू लागल्या, तर ही कॅप्सूल शोधू नका. तेव्हा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत किंवा रक्तात गेलेला असू शकतो आणि तिथे ती पोहोचत नाही. मूत्रपिंडाचं काम फार मंदावलेल्या माणसालाही ती देत नाहीत.

आकड्यांचं आता सोपं होईल. ०.२५ आणि १६ हे त्या त्या औषधाचं कमीत कमी किती प्रमाण जिवाणूची वाढ रोखतं याचे आकडे आहेत, एका मिलिलिटरमध्ये इतके मायक्रोग्रॅम. प्रत्येक औषधाची उत्तीर्ण होण्याची रेषा वेगळी असते. ई. कोलायसाठी मेरोपेनेमची रेषा १ आणि नायट्रोफ्युरँटॉइनची ३२ धरतात, कारण लघवीत ते कितीतरी जास्त साठतं. एका औषधाच्या डब्यावर लिटरला अर्धा मिली आणि दुसऱ्याच्या डब्यावर लिटरला दोन ग्रॅम लिहिलंय, म्हणून तुम्ही पहिलं औषध चौपट भारी समजत नाही. या यादीतले आकडेही एकमेकांशी ताडून बघायचे नसतात. एस असलेल्यांतून कोणतं निवडायचं हे संसर्गाची जागा, रोग्याचं वय, मूत्रपिंडं आणि इतर औषधं बघून ठरतं. मेरोपेनेम शिरेतून द्यावं लागतं, जवळजवळ सगळ्यांवर चालतं आणि म्हणून वाटेतल्या चांगल्या जिवाणूंनाही मारतं. जे त्यातून वाचतात ते मेरोपेनेमलाही कापणारे असू शकतात. असे जिवाणू प्लेटवर दिसतात तेव्हा रिपोर्टवर एस लिहायला फारशी जागा उरत नाही. वॉर्डातल्या डॉक्टरांना फोन करून ते सांगताना माझा आवाज दर वेळी जड होतो. तुमच्या डॉक्टरांनी ते औषध राखून ठेवलं, हे त्यांनी फार चांगलं केलं.

तर मिस्टरांचं ‘ग्रुप बघा’ हे शंभर टक्के बरोबर. ‘दर वेळी बदला’ हे मात्र माणसाला लागू पडत नाही. बागेत रोग पानावर दिसतो, तुम्ही डावणी का भुरी ते ओळखून डबा उचलता. माणसाचा ताप बाहेरून सारखाच दिसतो. आणि एखाद्या जंतूवर एकच जुनं औषध वर्षानुवर्षं पुरतं. घसा धरणाऱ्या एका स्ट्रेप्टोकॉकसवर पेनिसिलिन आजही चालतं. अलेक्झांडर फ्लेमिंग या शास्त्रज्ञाने ते १९२८ साली शोधलं, आपल्याकडे पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना १९५४ साली त्यासाठीच उभा राहिला, आणि त्या जंतूला त्यावर अजून तोड सापडलेली नाही. तिथे बदलायचं कशाला?

शिवाय बागेत तुम्ही रोग यायच्या आधीही फवारता. माणसात ‘असू द्या आधीच’ म्हणून दिलेलं अँटिबायोटिक क्वचितच योग्य असतं. मुलाची सर्दी बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते. विषाणूला भिंत नाही, स्वतःचा माग नाही, तो आपल्याच पेशींचा माग वापरतो. वर सांगितलेल्या एकाही औषधाला तिथे घाव घालायला जागा नाही. मग ती अर्धी गोळी मुलाच्या आतड्यातल्या निरुपद्रवी जिवाणूंवर पडेल, त्यातले कमजोर मरतील आणि दणकट वाढतील. ई. कोलायला अनुकूल जागी दुप्पट व्हायला वीस मिनिटं पुरतात. आपल्याकडचं कडं कापायचं विकर कसं बनवायचं, हा नुसखा ते शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतात.

याच कारणाने मिस्टरांना माझा एक निरोप द्या. सटाणा-देवळ्याकडे डाळिंबाच्या तेल्यावर स्ट्रेप्टोसायक्लिन मारत आले आहेत. तेल्या हा जिवाणूचा रोग, म्हणून ते मारलं जातं. त्या पुडीत स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन असतं, माणसाचीच औषधं. तुमच्या शेडमध्ये तशी पुडी असेल, तर ती द्राक्षावर ‘असू द्या’ म्हणून टाकीत पडू देऊ नका. बुरशीवर तिचा उपयोग नाही आणि मातीतले जिवाणू मात्र शिकतात.

गोळ्यांच्या वेळेचंही विचाराल, म्हणून सांगते. भिंतीवरच्या औषधांचं रक्तातलं प्रमाण सतत एका पातळीच्या वर राहावं लागतं, म्हणून ॲमॉक्सिसिलिन दिवसातून तीनदा. दुपारची चुकवून रात्री दोन घेतल्या तर भरपाई होत नाही. अमिकासिन एकदम मोठ्या प्रमाणात दिलं तर जास्त चांगलं काम करतं, म्हणून ते बहुधा एकदाच. ॲझिथ्रोमायसिन पेशींत मुरून अनेक दिवस राहतं, म्हणून त्याचा तीन दिवसांचा कोर्स पुरतो. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन दुधाबरोबर घेतलं तर कॅल्शियम त्याला धरून ठेवतं आणि ते पुरतं अंगी लागत नाही. कोर्स किती दिवसांचा, हे जंतूवर आणि जागेवर अवलंबून असतं. डॉक्टरांनी पाच सांगितले तर पाच. बरं वाटलं म्हणून दोनवर थांबू नका आणि भीतीपोटी दहा करू नका.

आणखी एक, कारण ही चूक मी फार बघते. सासूबाईंना आता काही त्रास नाही ना? मग ‘एकदा खात्री करून घेऊ’ म्हणून पुन्हा कल्चर करू नका. सत्तरीपुढच्या अनेक बायकांच्या लघवीत त्रास नसतानाही जिवाणू सापडतात. रिपोर्टवर नाव दिसलं की घरचे घाबरतात, औषध सुरू होतं आणि पुढच्या वेळी यादीतले दोन एस कमी झालेले असतात. त्रास नसेल तर त्या जिवाणूंना राहू द्यावं.

आताच्या रिपोर्टची झेरॉक्स करून सासूबाईंच्या फाइलमध्ये ठेवा. पुन्हा उन्हाळी लागली तर गावातल्या डॉक्टरांना आधी ती दाखवा, म्हणजे त्यांचा सुरुवातीचा अंदाज जास्त नेमका होईल. उरलेल्या सहा गोळ्या बेसिनमध्ये, गटारात किंवा उकिरड्यावर टाकू नका. दवाखान्यातून जैववैद्यकीय कचऱ्याची गाडी जाते, तिथे घेतील का ते विचारा. स्ट्रिपवर मागच्या बाजूला उभी लाल रेघ दिसेल, ती असलेली कोणतीही गोळी चिठ्ठीशिवाय घ्यायची नसते, हे मिस्टरांनाही दाखवून ठेवा. मुलाचा खोकला कसा आहे ते चार दिवसांनी कळवा, मी वाट बघते.